नापसंती आणि अप्रीती : एका कलमातले दोन शब्द आणि टिळकांची नगरची भाषणं

(श्रीगोंदा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण आम्ही जन्मभर शिकवलं ते तत्त्वज्ञान. त्यामुळे इतिहासाकडे आम्ही जरा शब्दांच्या वाटेने येतो. कोण जिंकलं, कोण हरलं हे तर बघायचंच. पण कोणी कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला आणि त्या अर्थाची किंमत कोणी मोजली, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. आज असे दोनच शब्द घेऊ या. दोन्ही इंग्रजी आहेत आणि दोन्ही 'डिस' या उपसर्गाने सुरू होतात. एक 'डिसॲप्रोबेशन' आणि दुसरा 'डिसअफेक्शन'. कायद्याच्या मराठी पाठात पहिल्याला 'नापसंती' म्हटलंय आणि दुसऱ्याला 'अप्रीती'.

तुम्ही म्हणाल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? दोन्हींचा अर्थ एवढाच, की माणसाला पटलेलं नाही. तर तसं नाही. पहिला शब्द लागू झाला तर माणूस घरी जात असे, आणि दुसरा लागू झाला तर दीड वर्ष येरवड्याला किंवा सहा वर्षं मंडालेला. आणि या दोन शब्दांमधली रेष ज्या खटल्यात सगळ्यात नीट आखली गेली, तो खटला आपल्या जिल्ह्यात झालेल्या भाषणांवरचा होता. तेव्हाचं अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. तारखा 31 मे आणि 1 जून 1916. वक्ते लोकमान्य टिळक.

आता जरा मागे जाऊ. मेकॉलेने 1837 साली दंडसंहितेचा जो मसुदा केला, त्यात राजद्रोहाचं कलम होतं. पण 1860 साली कायदा पक्का झाला तेव्हा ते कलम त्यात आलं नाही. दहा वर्षांनी, 1870 साली, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायद्याचं काम बघत असताना ते परत आणलं गेलं. तेच ते पुढे गाजलेलं कलम 124-अ. त्यात थोडक्यात असं होतं : जो कोणी बोलून, लिहून किंवा खाणाखुणांनी सरकारविषयी 'डिसअफेक्शन' उत्पन्न करील, तो गुन्हेगार. आणि खाली एक स्पष्टीकरण जोडलं होतं : सरकारच्या उपाययोजनांविषयीची 'डिसॲप्रोबेशन' म्हणजे 'डिसअफेक्शन' नव्हे, मात्र ती बाळगणाऱ्याच्या मनात सरकारची कायदेशीर सत्ता मानण्याची वृत्ती शाबूत पाहिजे.

म्हणजे बघा, कायद्यानेच सांगितलं की हे दोन शब्द वेगळे आहेत. पण वेगळे कसे, ते सांगितलं नाही. ते न्यायाधीशांवर सोडलं.

आपण एक घरगुती उदाहरण घेऊ. मुलगा बापाला म्हणतो, "अण्णा, यंदा ऊस लावू नका, विहिरीचं पाणी पुरणार नाही." ही नापसंती झाली. तिचा विषय ऊस आहे, पाणी आहे, बापाचा एक निर्णय आहे. आता बाप काय म्हणतो? "तुला माझ्याबद्दल काही वाटतच नाही. म्हातारा कधी मरतोय याचीच वाट बघतोस." हा अप्रीतीचा आरोप झाला. बोलणं चाललं होतं पाण्याचं, ते गेलं नात्यावर. आणि गंमत अशी, की पहिल्या बोलण्याला पुरावा देता येतो. विहिरीत दोर सोडा, पाणी मोजा, मुलगा बरोबर की चूक ते ठरेल. दुसऱ्या आरोपाला पुरावा कसला देणार? माझ्या मनात प्रेम आहे, हे मुलाने दाखवायचं कसं? आरोप एकदा नात्यावर गेला की ज्याच्यावर आरोप झाला तो निम्मा हरलेलाच असतो.

सत्ता हे नेहमी करते, बरं का. घरातली असो, गावातली असो, नाहीतर साम्राज्याची. नापसंतीचं उत्तर द्यायचं तर पाणी मोजावं लागतं. अप्रीतीचा आरोप करायला काहीच मोजावं लागत नाही. आजच्या व्याख्यानात आम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते इतिहासात कसं घडलं ते आता बघू.

कलम आल्यावर वीसएक वर्षं ते फारसं कोणाच्या लक्षातही नव्हतं. पहिला मोठा खटला कलकत्त्याला 1891 साली झाला. संमतिवयाचं बिल आलं होतं, त्यावर 'बंगवासी' नावाच्या पत्राने कडक लिहिलं, आणि त्याचे मालक जोगेंद्रचंद्र बोस यांच्यावर खटला झाला. मुख्य न्यायाधीश होते सर कोमर पेथरम. त्यांनी ज्युरीला फरक समजावून सांगितला. अप्रीती म्हणजे प्रीतीच्या उलटची भावना, नावड किंवा द्वेष. नापसंती म्हणजे नुसतं न पटणं. आणि त्यांनी पुढे साधी गोष्ट सांगितली, की एखाद्याची मतं किंवा कृती पटत नसूनही तो माणूस आपल्याला आवडू शकतो. ज्युरीचं एकमत झालं नाही, पुढे माफी मागितली गेली आणि खटला सोडून देण्यात आला.

इथपर्यंत ठीक होतं. आता 1897 साल. पुण्यात प्लेग आला होता. साथरोगाचा कायदा त्याच वर्षी झाला होता. रँडच्या कमिटीने घराघरांत शिरून तपासण्या केल्या, त्याने लोक संतापले होते. 15 जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली. 22 जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. 27 जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. खटला सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात उभा राहिला. न्यायाधीश आर्थर स्ट्रेची, नऊ जणांची ज्युरी. त्यातले सहा युरोपियन, तीन हिंदी.

या स्ट्रेचींनी ज्युरीला जे सांगितलं, त्यातला एक भाग न्यायाचा आहे, तो आधी सांगतो. ते म्हणाले, सरकारच्या कुठल्याही कृतीवर माणसाने टीका करावी. इन्कम टॅक्सवर करावी, साथीच्या कायद्यावर, लष्करी मोहिमेवर, दुष्काळाच्या आणि प्लेगच्या बंदोबस्तावर करावी. कडक करावी, अगदी अन्यायाने आणि आडमुठेपणानेही करावी. तोवर त्याला स्पष्टीकरणाचं संरक्षण आहे. पण ती टीका हे निमित्त करून तो सरकारवरच घसरला, सरकारला लोककल्याणाची पर्वा नाही असं म्हणू लागला, तर संरक्षण संपलं. आणि मग आली ती गाजलेली व्याख्या. 'डिसअफेक्शन' म्हणजे काय? तर प्रीतीचा अभाव. त्याला जोडून त्यांनी द्वेष, वैर, तिटकारा, तुच्छता, सगळ्या प्रकारची दुर्भावना अशी यादी दिली, पण सुरुवात अभावापासून केली.

सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. अठरा महिने सक्तमजुरी. ते तीन कोण, ते वेगळं सांगायला नको.

आता आमच्या विषयातली थोडी गोष्ट सांगतो, कंटाळू नका. 'अप्रीती' या शब्दात मागे एक 'अ' लागलेला आहे. संस्कृत व्याकरणात याला नञ् म्हणतात. आपण समजतो, 'अ' लागला की 'नाही' असा अर्थ झाला. पण जुन्या वैयाकरणांनी या एका 'अ'चे सहा अर्थ सांगितले आहेत. त्यातले आपल्या कामाचे दोन. एक अभाव आणि दुसरा विरोध. 'अपाप' म्हणजे पाप नसणं. इथे अभाव आहे. पण 'अधर्म' म्हणजे नुसता धर्माचा अभाव नव्हे. दगडाच्या ठायी धर्म नसतो, म्हणून दगडाला कोणी अधर्मी म्हणत नाही. अधर्म म्हणजे धर्माच्या विरुद्ध असलेली, प्रत्यक्ष घडणारी गोष्ट. तसंच 'अमित्र'. रस्त्याने जाणारा प्रत्येक अनोळखी माणूस तुमचा मित्र नाही, पण तो तुमचा अमित्र नाही. अमित्र म्हणजे शत्रू.

तर प्रश्न असा, की 'अप्रीती'तला 'अ' अभावाचा की विरोधाचा? पाणी गरम नाही म्हणजे ते गारच असतं असं नाही. कोमट पाणी असतं. सरकारविषयी हिंदुस्थानातल्या बहुतेक शेतकऱ्याला काय वाटत होतं? त्याला प्रीती नव्हती, वैरही नव्हतं. सारा भरायचा आणि आपल्या कामाला लागायचं. हे कोमट पाणी झालं. अभावाचा अर्थ घेतला तर हा सगळा देश गुन्ह्याच्या काठावर उभा राहतो, कारण प्रीती नसणं हीच मुळात गुन्ह्याची सामग्री ठरते. विरोधाचा अर्थ घेतला तर वैर दाखवावं लागतं, आणि ते दाखवायची जबाबदारी सरकारवर येते. एका 'अ'वर एवढं अवलंबून होतं.

हा फरक त्याच साली, त्याच हायकोर्टात एका मराठी माणसाने मांडला. सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून 'प्रतोद' नावाचं पत्र निघत असे. त्यात कॅनडा स्वतंत्र होण्याची तयारी करतोय अशा आशयाचा लेख आला. म्हणजे लिहिलं कॅनडावर, पण वाचणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. संपादक आणि मालक यांच्यावर 124-अ खाली खटला झाला आणि प्रकरण हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे आलं. मुख्य न्यायाधीश फॅरन, न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रानड्यांनी म्हटलं, की अप्रीती म्हणजे प्रेमाचा किंवा सद्भावनेचा नुसता अभाव नव्हे. ती तिटकाऱ्याची प्रत्यक्ष भावना आहे, जी निष्ठाभंगाच्या जवळ जाते, उघडपणे सत्ता झुगारते किंवा छुपेपणाने लोकांची मनं फोडते. म्हणजे रानड्यांनी 'अधर्म'वाला 'अ' घेतला.

हेही लक्षात घ्या, की रानड्यांच्या या व्याख्येने आरोपी सुटले नाहीत. दोष कायम राहिला. व्याख्या चांगली असली म्हणजे निकाल सुटकेचाच येतो असं नाही. पण पुढच्या माणसाला उभं राहायला जागा होते. टिळक आणि रानडे यांचं किती विषयांवर पटत नव्हतं, ते आपल्याला माहीत आहे. सामाजिक परिषदेवरून, संमतिवयावरून टिळकांनी रानड्यांवर काय काय लिहिलं! पण जो अर्थ टिळकांना हवा होता, तो कायद्याच्या पुस्तकात त्या साली लिहून ठेवला तो रानड्यांनी.

सरकारने यातून काय घेतलं? 1898 साली कलम दुरुस्त केलं. द्वेष आणि तुच्छता हे शब्द घातले, आणि स्पष्ट केलं की 'अप्रीती'त निष्ठाभंग आणि वैराच्या सगळ्या भावना येतात. नापसंतीचं स्पष्टीकरणही बदललं. आता सरकारची उपाययोजना कायदेशीर मार्गाने बदलून घ्यावी या हेतूने केलेली टीका चालेल, मात्र तिने द्वेष, तुच्छता, अप्रीती उत्पन्न होता कामा नये. म्हणजे नापसंतीला जागा ठेवली, पण तिच्या भोवती कुंपण घातलं.

1908 साल सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे आम्ही फार थांबत नाही. मुझफ्फरपूरचा बॉम्ब, 'केसरी'तले 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख, 24 जूनला अटक. न्यायाधीश होते दिनशा दावर. हेच दावर 1897 साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे उभे राहिले होते. आता ते खुर्चीवर होते. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, एकवीस तासांच्या वर बोलले. त्यातला मोठा भाग कशावर होता माहीत आहे? भाषांतरावर. कोर्टापुढे आलेले लेख मराठी, ज्युरीला मराठी येत नाही, म्हणून शिक्षा व्हायची ती इंग्रजी भाषांतराला. टिळकांनी कोर्टाच्या भाषांतरकाराची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली. सांगणं हे, की मूळ मराठीत जी नापसंती आहे, ती इंग्रजीत जाता जाता अप्रीती होते. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. सहा वर्षं काळं पाणी. ती मंडालेला गेली.

1914 च्या जूनमध्ये टिळक सुटून आले. 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग काढली. 1 मेला बेळगावात भाषण, आणि मग महिनाअखेर आपलं नगर. 31 मे, 1 जून. बैलगाडीने, आगगाडीने, चालत, जसं जमेल तसं लोक अशा सभांना जात, हे श्रीगोंद्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको. दौंड-मनमाड लाइन आपल्या अंगणातूनच जाते.

या भाषणांत टिळकांनी जे केलं, ते आमच्या मते तत्त्वज्ञानाचं काम होतं. त्यांनी 'सरकार' या शब्दाचे दोन भाग केले. 1897 साली स्ट्रेचींनी सरकार म्हणजे ब्रिटिश सत्ता आणि ती चालवणारी माणसं असं सगळं एकत्र बांधलं होतं. म्हणजे कलेक्टरवर बोललात की सत्तेवर बोललात. टिळकांनी ती गाठ सोडली. म्हणाले, एक सरकार अदृश्य आहे, सूक्ष्म आहे. राज्य असावं, व्यवस्था असावी, बादशहा असावा, ते हे. त्याच्याशी आमचं भांडण नाही. दुसरं सरकार दृश्य आहे, स्थूल आहे. कलेक्टर, मामलेदार, गोरी नोकरशाही. ते बदलतं, बदलता येतं, आणि ते आम्हाला बदलून हवं आहे. त्यांनी वेदान्तातला निर्गुण ब्रह्माचा आणि मायेचा दाखला दिला. देव आणि पुजारी यांचाही दिला. पुजारी नीट काम करत नसेल तर पुजारी बदला म्हणणारा देवाचा वैरी होत नाही.

वकिलांनी याला कायद्याच्या कचाट्यातून सुटायची युक्ती म्हटलं तर म्हणोत. युक्ती होतीच. मंडालेहून आलेला साठीचा माणूस परत तिकडे जाण्याची हौस धरत नाही. पण नगरच्या सभेत बसलेल्या माणसाला ती युक्ती वाटली असेल का? आम्हाला नाही वाटत. कारण देव आणि मधला माणूस हा भेद या मातीला शेकडो वर्षं ठाऊक होता.

तुमच्याच गावात बघा. शेख महंमद. 'योगसंग्राम' लिहिणारे, जन्माने मुसलमान, मराठीतून अभंग रचणारे, मालोजीराजे भोसल्यांशी ज्यांचं नाव परंपरेने जोडलं जातं ते श्रीगोंद्याचे संत. त्यांनी पोकळ कर्मकांडावर टीका केली, आणि ती एकाच बाजूची केली नाही. हिंदूंचं जे पटलं नाही तेही बोलले, मुसलमानांचं पटलं नाही तेही बोलले. पण त्या टीकेने त्यांची भक्ती कमी झाली असं कोणी म्हणालं नाही. चोखोबांना देवळाच्या आत जाऊ दिलं नाही. त्यांची तक्रार अडवणाऱ्यांशी होती, विठ्ठलाशी त्यांचं नातं तसंच राहिलं. म्हणजे जिथे प्रीती आहे तिथेच नापसंती बोलून दाखवायचं धाडस येतं, हे वारकऱ्याला शिकवावं लागत नाही. पेथरमसाहेबांनी कलकत्त्याला जे ज्युरीला समजावलं, ते इथल्या माणसाला कीर्तनातून कळलेलं होतं.

सरकारला मात्र ते पटलं नाही. गुप्त पोलिसांनी भाषणं लघुलिपीत टिपली होती, त्यांची इंग्रजी भाषांतरं झाली. 23 जुलै 1916 हा टिळकांचा साठावा वाढदिवस. पुण्यात सत्कार, एक लाखाची थैली, आणि त्याच दिवशी हातात नोटीस. या वेळी थेट 124-अ चा खटला नव्हता. फौजदारी प्रक्रियेच्या कलम 108 खाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. पण त्यासाठी आधी भाषणं राजद्रोही आहेत असं ठरावं लागतं, म्हणजे प्रश्न तोच. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने ऑगस्टमध्ये हुकूम दिला : वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन, मुदत एक वर्ष. 1916 सालचे वीस हजार, मंडळी. हेतू उघड होता. माणसाला तुरुंगात न घालता गप्प बसवायचं.

टिळक हायकोर्टात गेले. त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. खंडपीठ न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लूभाई शाह यांचं. निकाल 9 नोव्हेंबर 1916 चा.

हा निकाल आम्ही कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना वाचायला सांगत आलो, कारण वाचावं कसं हे तो शिकवतो. न्यायमूर्ती बॅचलर यांचं म्हणणं असं : इथे एक वाक्य, तिथे एक वाक्य असं वेचून भाषणाचा परिणाम ठरत नाही. भाषण सबंध, शांतपणे, लक्ष देऊन वाचायला हवं, आणि विचारायला हवं की ऐकणाऱ्यावर याचा एकंदर परिणाम स्वाभाविकपणे काय होईल. त्यांनी लपवलं नाही. काही उतारे आक्षेपार्ह आहेत, सरकारचा आक्षेप रास्त आहे, असंही ते म्हणाले. पण सगळं मिळून परिणाम काय? तर लोकांच्या मनात वैर, तुच्छता, म्हणजे अप्रीती उत्पन्न होईल असं नव्हे. सत्ता लोकांच्या हाती द्यायला सरकार उशीर करतंय, याबद्दल नापसंती उत्पन्न होईल. न्यायमूर्ती शाह यांनी दुजोरा दिला. मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला.

1870 च्या कलमातले ते दोन शब्द इथे अगदी समोरासमोर आले, आणि तराजू नापसंतीच्या बाजूला झुकला. स्वराज्य मागणं हा मतभेद आहे, वैर नव्हे, असं साम्राज्याच्याच कोर्टाने म्हटलं. होमरूलचं नाव घ्यायला जो कचरत होता, तो आता उघड बोलू लागला.

मग प्रश्न सुटला का? नाही ना. 1922 च्या मार्चमध्ये अहमदाबादला गांधीजींवर हेच कलम लागलं, आणि त्यांनी या सगळ्या कोशागिरीलाच बाजूला सारलं. त्यांचं म्हणणं, प्रीती कायद्याने तयार करता येत नाही आणि कायद्याने राखता येत नाही. माझ्या मनात या राज्यपद्धतीबद्दल अप्रीती आहे, ती मी लपवत नाही, शिक्षा द्या. टिळकांनी आयुष्यभर म्हटलं की माझं बोलणं त्या रेषेच्या अलीकडचं आहे. गांधीजी म्हणाले, मी पलीकडे उभा आहे आणि तो माझा धर्म आहे. टिळकांनी शब्दाचा अर्थ वाचवला, गांधीजींनी कलमाचा नैतिक पाया काढून घेतला. दोघांनाही सजा सहाच वर्षांची ठोठावली गेली. गांधीजींना शिक्षा देताना न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला दिला होता.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. 1942 साली फेडरल कोर्टाने म्हटलं, की सार्वजनिक शांततेला धोका असेल तरच राजद्रोह. 1947 साली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, मुंबई प्रांतातल्या सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते मोडून काढलं आणि जुनाच अर्थ कायम केला. मग 1956 साली मुंबई हायकोर्टात, टिळकांना जिथे शिक्षा झाली त्या दालनात, मुख्य न्यायाधीश छागलांनी टिळकांच्या उद्गारांचा फलक लावला आणि त्या शिक्षा म्हणजे न्यायाची पायमल्ली होती असं खुलेपणाने सांगितलं. हे छागला तरुणपणी जिनांच्या चेंबरमध्ये शिकले होते. पण फलक लागला तेव्हाही कलम पुस्तकात होतंच. 1962 साली केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते ठेवलं, पण हिंसा किंवा अव्यवस्था माजवण्याकडे कल असेल तरच लावायचं अशी मर्यादा घातली. 11 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने त्याची अंमलबजावणी थांबवायला सांगितलं. आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम 152 मध्ये सार्वभौमत्व, एकता, अखंडता यांना धोक्यात आणण्याची भाषा आहे. 'डिसअफेक्शन' हा शब्द गेला. 'डिसॲप्रोबेशन' मात्र स्पष्टीकरणात अजून आहे.

म्हणजे दीडशे वर्षांनी जोडीतला एक शब्द निवृत्त झाला आणि दुसरा नोकरीत राहिला. आम्हाला याचा आनंद वाटतो, पण पुरता नाही. नव्या कलमाचे शब्दही रुंद आहेत, आणि ते कसे वाचले जातील ते वाचणाऱ्यांवर आहे. त्यातही शब्द पुस्तकातून गेला म्हणून सवय मनातून जात नाही. आजही सभेत कोणी उठून म्हणालं, की हा ठराव मला मान्य नाही, तर पहिला प्रश्न येतो, "तू आमचा आहेस की त्यांचा?" साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत हिशेब विचारणारा संस्थेचा वैरी ठरतो. ग्रामसभेत पाइपलाइनचं बिल मागणारा गावाचा वैरी. घरात सुनेने काही सुचवलं तर ती घर फोडणारी. कलम 124-अ लावायला सरकार लागत नाही, आपण रोज घरबसल्या लावतो.

म्हणून 1916 च्या त्या निकालातून दोन साध्या गोष्टी घेऊन जा, असं आम्ही म्हणू. कोणी विरोधात बोललं की आधी बघावं, हा कशाविषयी बोलतोय. कृतीविषयी की माणसाविषयी, उसाविषयी की बापाविषयी? कृतीविषयी असेल तर कृतीचं उत्तर द्यावं. दुसरी गोष्ट, सबंध ऐकावं. आज बारा सेकंदांची चित्रफीत मोबाइलवर येते आणि तेवढ्यावर माणसाचा निकाल लागतो. बॅचलरसाहेबांपुढेही निवडक उतारे ठेवले होते, आणि ते खरेच आक्षेपार्ह होते. तरी त्यांनी भाषणं मुळापासून पुन्हापुन्हा वाचली आणि मग ठरवलं. परक्या भाषेतली, परक्या माणसाची, आपल्याच सत्तेविरुद्धची भाषणं. एवढं जर त्यांना जमलं, तर आपल्या भाषेतलं, आपल्या माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणं आपल्याला जड जायला नको.

कोणाला प्रश्न असतील तर विचारा. न पटलेलं असेल तर ते आधी विचारा.